इन्सिडंटची सिव्हिरिटी ठरवायची कुणी आणि कशावरून

आमच्या हॉस्पिटलने चुका आणि अपघात नोंदवायचे कागदी इन्सिडंट फॉर्म बंद करून क्वालिटीचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं तेव्हा सिव्हिरिटी रेटिंग, म्हणजे घटना किती गंभीर ह्याच्या पायऱ्या, बसवायचं काम माझ्याकडे आलं. मी आधी बरीच वर्षं आयसीयूत सिस्टर होते, आता क्वालिटीत आहे. व्हेंडरने डेमो दाखवला त्यात सगळं तयारच होतं, नगण्य, किरकोळ, मध्यम, मोठी, अतिगंभीर अशी पाच नावं, हिरव्यापासून लालपर्यंत रंग, आणि मीटिंगमध्ये बहुतेकांचं म्हणणं पडलं की आहे तेच वापरू, नुसती नावंच तर आहेत. मला ते पटलं नाही, कारण ह्या एका ड्रॉपडाउनवर पुढचं सगळं अवलंबून असतं, मेसेज कुणाला जाणार, किती तासात कुणी बघायचं, आरसीए (मुळाशी जाऊन कारणं शोधणं) होणार की दोन ओळी लिहून केस बंद होणार, सेफ्टी कमिटीपुढे ती येणार की नाही. रात्री तीन वाजता वॉर्डमधली सिस्टर त्या यादीतलं जे नाव निवडेल त्यावरून ठरतं की त्या पेशंटच्या बाबतीत काय चुकलं ते कुणी शोधणार आहे का नाही.

हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे २०२० ची पाचवी आवृत्ती घ्या नाहीतर २०२५ ची सहावी, इन्सिडंट नोंदवायची पद्धत हवी, सेंटिनल इव्हेंट (सगळ्यात गंभीर घटना) कशाला म्हणायचं ते लिहिलेलं हवं, आणि मुळाशी जाऊन कारणं शोधलेली हवीत. पण पायऱ्या किती आणि कुठली घटना कुठल्या पायरीवर हे शेवटी आपल्यालाच बसून ठरवावं लागतं आणि ते सॉफ्टवेअर कंपनीवर सोडायचं काम नाही.

सेटिंगचं पान उघडायच्या आधी मी जुने कागदी फॉर्म काढले. नावं झाकून निवडक घटना टाइप केल्या आणि इंटेन्सिव्हिस्ट सर (आयसीयूचे तज्ज्ञ डॉक्टर), मेट्रन मॅडम (नर्सिंगच्या प्रमुख), फार्मसीचे इन्चार्ज आणि एक आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, ह्यांना वेगवेगळं गाठून सांगितलं की व्हेंडरच्या पाच नावांपैकी तुम्ही काय द्याल ते लिहा, एकमेकांना विचारू नका. एक घटना अशी होती की पहाटे बाथरूमला जाताना आजोबा पडले, रक्त पातळ व्हायची गोळी चालू होती, डोकं बेसिनला आपटलं, सीटी केला तो नॉर्मल आला. इंटेन्सिव्हिस्ट सरांनी लिहिलं किरकोळ. मेट्रन मॅडमनी लिहिलं मोठी. आरएमओने मध्यम. फार्मसीवाल्यांनी पण मोठी लिहिलं, पण कारण विचारलं तर म्हणाले अशा घटना सारख्या होतात म्हणून. मग सगळ्यांना एकत्र बसवलं तेव्हा लक्षात आलं की भांडण पायरीचं नाहीच आहे, चौघेजण तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. सर बघत होते पेशंटला शेवटी काय झालं, मॅडम बघत होत्या काय होऊ शकलं असतं, फार्मसी बघत होती किती वेळा होतं, आणि आरएमओने सीटी आणि रात्रभराचं न्यूरो ऑब्झर्वेशन मोजलं होतं, म्हणजे ते पण झालेल्या परिणामाकडेच बघत होते पण सरांपेक्षा वेगळं काहीतरी मोजून. एका चौकटीत तीन प्रश्न कोंबले की उत्तर देणाऱ्याचा अंदाज तेवढा मिळतो, माहिती मिळत नाही.

ह्यानंतर मी जगात बाकीच्यांनी काय केलंय ते वाचायला बसले आणि ते वाचणं फार उपयोगी पडलं. औषधांच्या चुकांसाठी अमेरिकेत एनसीसी मर्प नावाच्या कौन्सिलने १९९६ मध्ये ए ते आय अशी नऊ अक्षरांची पट्टी आणली. ए म्हणजे चूक अजून झालेली नाही पण व्हायला वाव आहे. बी म्हणजे चूक झाली पण पेशंटपर्यंत पोचली नाही. सी म्हणजे पोचली पण काही झालं नाही. डी म्हणजे पोचली आणि काही झालं नाही ना हे बघायला लक्ष ठेवावं लागलं. ई म्हणजे तात्पुरता त्रास आणि काहीतरी उपचार करावा लागला, एफ म्हणजे त्यापायी अ‍ॅडमिट करावं लागलं किंवा मुक्काम वाढला, जी म्हणजे कायमचं नुकसान, एच म्हणजे जीव वाचवायला धावपळ, आणि आय म्हणजे मृत्यू. ह्यातली मला आवडलेली गोष्ट ही की ह्यात किरकोळ, मध्यम असं विशेषण लावायला सांगितलेलं नाही, काय घडलं आणि काय करावं लागलं ते विचारलंय. जागतिक आरोग्य संघटनेची २००९ ची वर्गवारी काहीही नाही, सौम्य, मध्यम, तीव्र, मृत्यू अशी आहे, इंग्लंडच्या एनएचएसने पण बरीच वर्षं तशाच पाच पायऱ्या वापरल्या. आणि अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांची जी सॅक मॅट्रिक्स (सेफ्टी असेसमेंट कोड, घटनेला आकडा देणारं कोष्टक) आहे तिच्यात प्रत्यक्ष झालेलं आणि होऊ शकलं असतं ते, दोन्ही बघतात.

सॅकवरून एक गोष्ट मी लगेच धडा म्हणून घेतली. अमेरिकेच्या त्या पद्धतीत ३ हा आकडा सगळ्यात गंभीर आणि ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये २०२० पर्यंत जी सॅक होती तिच्यात १ सगळ्यात गंभीर, म्हणजे दिशा बरोबर उलटी. आमच्याकडे पण हेच होऊ घातलेलं, व्हेंडरच्या नमुन्यात १ म्हणजे सगळ्यात वाईट आणि आमच्या रिस्क रजिस्टरमध्ये ५ म्हणजे सगळ्यात वाईट. फोनवर कुणी "सर, लेव्हल वनची केस आहे" म्हणालं की ऐकणारा काय समजणार सांगा. म्हणून स्क्रीनवर आकडा दिसूच द्यायचा नाही असं ठरवलं, आतला कोड काहीही असू दे, माणसाला वाक्य दिसलं पाहिजे. व्हेंडरचा मुलगा म्हणाला की मॅडम आकडा नसेल तर सॉर्टिंग कसं होणार, तर सॉर्ट ऑर्डर म्हणून वेगळं फील्ड असतंच, ते फक्त अ‍ॅडमिनला दिसतं.

दुसरं, निअर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेली चूक. कागदी फॉर्ममध्ये ती सिव्हिरिटीच्याच ओळीत एक टिक होती, निअर मिस, लो, मीडियम, हाय, सेंटिनल. आणि व्हेंडरला पण तसंच हवं होतं कारण सोपं पडतं. पण निअर मिस ही पायरी नाहीये. चूक पेशंटपर्यंत पोचली का नाही एवढंच ती सांगते, किती धोकादायक होती ते सांगत नाही. एकाच यादीत टाकली की ज्या क्षणी सिस्टर निअर मिस निवडते त्या क्षणी धोक्याचा प्रश्न विचारायची सोयच बंद होते, आणि एनएबीएचला आपण एकूण इन्सिडंटमध्ये निअर मिस किती टक्के हा आकडा देतो त्यासाठी पण ती वेगळी असलेलीच बरी.

हे मी मीटिंगमध्ये कितीही बोलले तरी पटत नव्हतं, पटलं ते इन्सुलिनच्या केसवरून. ती सविस्तर सांगते कारण आपल्याकडच्या प्रत्येक वॉर्डात ती होऊ शकते. आपल्याकडे इन्सुलिनच्या व्हायल बहुतेक ४० युनिट प्रति एमएलच्या असतात आणि त्याची सिरिंज लाल टोपीची, तिच्यावर ४० च्या हिशोबाने रेघा. पेनमध्ये घालायची कार्ट्रिज मात्र १०० युनिट प्रति एमएलची असते, आणि १०० च्या सिरिंजला केशरी टोपी. एका पेशंटने घरून स्वतःची कार्ट्रिज आणली होती, पेन मात्र घरीच राहिलं, ऑर्डर होती २० युनिटची. नवीन सिस्टरने कार्ट्रिजमध्ये लाल टोपीची सिरिंज घालून २० च्या रेघेपर्यंत ओढलं. आता ४० च्या सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे अर्धा एमएल, आणि १०० वाल्या औषधाच्या अर्ध्या एमएलमध्ये ५० युनिट. अडीचपट डोस. आणि रात्रीचं जेवण अजून आलेलं नव्हतं. शेजारच्या बेडजवळ उभ्या असलेल्या सीनियर सिस्टरचं लक्ष हातातल्या कार्ट्रिजकडे गेलं, तिने थांबवलं, सिरिंज टाकून दिली, आणि दोघींनी मिळून फॉर्म भरला हे मला फार मोठं वाटतं कारण न भरता पण चाललं असतं, कुणाला कळलंच नसतं.

आता जुन्या फॉर्मवर ह्याची टिक कुठे होती? निअर मिस. त्यामुळे कुणालाही फोन गेला नाही, फाइलला लागून गेली. व्हेंडरच्या यादीत टाकलं असतं तर नगण्य, हिरवा रंग, आणि त्यांच्या तयार वर्कफ्लोमध्ये हिरवी केस वॉर्ड इन्चार्जच बंद करू शकते. पेशंटला ओरखडासुद्धा नाही हे खरंच आहे. पण तो डोस गेला असता तर झोपेत शुगर उतरून माणूस जाऊ शकला असता हेही तितकंच खरं आहे. मी पडद्यावर दोन चौकटी दाखवल्या, प्रत्यक्ष इजा: काही नाही, होऊ शकली असती अशी इजा: मृत्यू, आणि विचारलं की ह्यातली कुठली एक ठेवू सांगा. मेडिकल डायरेक्टर सरांनी तिथेच सांगितलं दोन्ही ठेवा. त्याच मीटिंगमध्ये हेही ठरलं की पेशंटने आणलेलं इन्सुलिन आधी फार्मसीकडे दाखवायचं, कार्ट्रिजमधून सिरिंजने ओढायचंच नाही, आणि दोन रंगांच्या सिरिंज एका ट्रेमध्ये ठेवायच्या नाहीत.

मग प्रश्न आला की ह्या चौकटी भरायच्या कुणी. माझं मत पहिल्यापासून एकच होतं आणि ते अजून तसंच आहे, रिपोर्ट करणाऱ्या माणसाला सिव्हिरिटी विचारायचीच नाही. त्याला जे दिसलं ते विचारायचं. सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय, सिक्युरिटीचे मामा ह्यांनी काहीतरी बघितलेलं असतं, ते "मोठी का मध्यम" ह्याचा निवाडा करायला लागले की मनात दहा गोष्टी येतात, इन्चार्ज ओरडेल का, डॉक्टरांना राग येईल का, माझ्यावर येईल का, आणि बोट आपोआप खालच्या पायरीवर जातं. म्हणून आम्ही ड्रॉपडाउन काढून टाकला आणि प्रश्न लिहिले. ही गोष्ट पेशंटपर्यंत पोचली का? पोचली असेल तर त्यानंतर जादा काय करावं लागलं? त्याखाली टिक, काहीच नाही, बीपी-शुगर जास्त वेळा बघावी लागली किंवा तपासणी केली, औषध-टाके-ड्रेसिंग असा उपचार केला, आयसीयूत हलवलं किंवा मुक्काम वाढला, सीपीआर किंवा व्हेंटिलेटर लागला, पेशंट दगावला. ह्यातून प्रत्यक्ष इजेची पायरी सॉफ्टवेअर स्वतः काढतं. पाठीमागे ती एनसीसी मर्पचीच डोकेबाजी आहे, फक्त पडण्याच्या, सलाईन बाहेर जाण्याच्या, सॅम्पल बदलण्याच्या घटनांना पण लागू पडेल अशी भाषा केली. कायमचं नुकसान हे मात्र त्या यादीत मुद्दाम नाही कारण ते त्या रात्री कुणालाच कळत नाही, ते रिव्ह्यू करणारा डॉक्टर नंतर भरतो. होऊ शकली असती ती इजा पण रिपोर्ट करणारा भरत नाही, ती क्वालिटी आणि त्या विषयातला एक डॉक्टर किंवा फार्मासिस्ट मिळून भरतात, आणि बाजूला एका ओळीत कारण लिहिल्याशिवाय सेव्ह होत नाही.

पायरी नंतर बदलते ही गोष्ट सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या डोक्यात फारशी नसते असं मला दिसलं. त्या आजोबांचंच घ्या, पहिला सीटी नॉर्मल, पण रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाला नंतर सुद्धा डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. तसं झालं की रात्री "तपासणी केली" म्हणून नोंदवलेली केस दोन दिवसांनी एकदम वरच्या पायरीवर जाते. म्हणून पहिली पायरी आणि पक्की केलेली पायरी अशी दोन फील्ड ठेवली, पहिली कधीच पुसली जात नाही, बदल कुणी केला, कधी, का, हे सगळं ऑडिट ट्रेलमध्ये. आणि टेस्ट करताना एक भलतीच गोष्ट सापडली, अलर्टचा नियम फक्त नवीन नोंद झाली की चालत होता, नोंद बदलली की चालत नव्हता. म्हणजे पहिल्यांदाच गंभीर म्हणून टाकलेल्या केसला मेसेज गेला असता, आणि जी हळूहळू गंभीर झाली तिला कुणालाच काही गेलं नसतं. व्हेंडरकडून तो नियम "पायरी वर सरकली की" असा करून घेतला. कुणी हे काम करत असेल तर हे आधी तपासा, खरंच तपासा.

आरसीएच्या मुदतीचं घड्याळ पण असंच. हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनची पद्धत अशी की सेंटिनल इव्हेंट कळल्यापासून ४५ कामकाजाच्या दिवसांत सखोल तपास पूर्ण करायचा. कळल्यापासून, घडल्यापासून नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये घटनेची तारीख तेवढी होती, कळल्याची तारीख नव्हती, ती जोडून घेतली.

डीफॉल्टबद्दल दोनच वाक्यं. कुठल्याही प्रश्नाचं उत्तर आधीच भरलेलं ठेवू नका, घाईत असलेला माणूस ते तसंच सोडतो आणि महिन्याच्या शेवटी तुमच्याकडे सगळ्या घटना एकाच पायरीवर दिसतात. रिकामं ठेवा, सक्तीचं ठेवा, आणि "आत्ता सांगता येत नाही" असा पर्याय द्या, तो निवडला की केस त्याच दिवशी क्वालिटीच्या यादीत वर आली पाहिजे.

डॉक्टरांची शंका वेगळी होती आणि ती रास्त होती. एका सरांनी विचारलं, पेशंटला अ‍ॅलर्जीची काहीच हिस्टरी नव्हती, अँटिबायोटिकचा पहिला डोस दिला, अ‍ॅनाफिलॅक्सिस (जीवावर बेतणारा झटका) झाला, आम्ही अ‍ॅड्रेनालिन देऊन वाचवलं, आता सॉफ्टवेअर लाल रंग दाखवणार म्हणजे आमची चूक का? अजिबात नाही. पेशंटने काय सोसलं ते सिव्हिरिटी सांगते, चुकलं कोण ते सांगत नाही, आणि टाळता आलं असतं का हा तर तिसराच प्रश्न, त्याला वेगळं फील्ड. ही केस लाल पण असेल आणि टाळता न येणारी पण असेल. शिवाय ती नोंद फार्माकोव्हिजिलन्सला, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या कार्यक्रमाला, जायला हवी, आपल्याकडे तो राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे आणि गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतो, त्यामुळे औषधाची रिअ‍ॅक्शन असा प्रकार निवडला की त्या फॉर्मची आठवण फार्मासिस्टला जाते. रक्त चढवताना रिअ‍ॅक्शन आली तर ब्लड बँकेला, हिमोव्हिजिलन्ससाठी. हे कुठल्याही पायरीवर होतं, ते पायरीला बांधलेलं नाही.

असंच सुई टोचल्याचं. पायरीच्या हिशोबाने स्टाफला सुई टोचली तर त्या घडीला इजा काहीच नाही, रक्ताचा एक थेंब. पण एचआयव्हीची पीईपी, म्हणजे लागण टाळायची औषधं, द्यायची वेळ आली तर ती शक्यतो २ तासांच्या आत आणि ७२ तासांच्या आत तर सुरू व्हायलाच हवी, त्यानंतर अर्थ राहत नाही. पायरीवरून तातडी ठरवली असती तर ही केस दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी उघडली असती. म्हणून तातडी हे फील्डच वेगळं केलं, आणि काही प्रकारांना थेट नियम दिला, सुई टोचली, बाळ सापडत नाही, आग, चुकीच्या बाजूचं ऑपरेशन, ह्यात बाकी उत्तरं काहीही असू देत मेसेज तत्काळ. सुई टोचल्यावर कॅज्युअल्टीचा नंबर आणि काय करायचं ते त्याच स्क्रीनवर येतं, फॉर्म पूर्ण भरायच्या आधी. ते करून घ्यायला मला व्हेंडरशी बरंच झगडावं लागलं पण ते झालं ह्याचं समाधान फार आहे, कारण मी स्वतः आयसीयूत सुई टोचल्यावर रडणाऱ्या मुली बघितल्यात, त्यांना त्या वेळी फॉर्म नको असतो, पुढे कुठे जायचं ते हवं असतं.

ज्या गोष्टींची स्वतःची मापं आधीच आहेत तिथे दुसरं माप लावलं नाही. बेडसोअरला स्टेज १ ते ४ असतात, सलाईनच्या जागेच्या सुजेला व्हिप स्कोअर ० ते ५ असतो, सिस्टर ते केसपेपरवर लिहितातच. फॉर्ममध्ये तेच विचारलं आणि मागे एक तक्ता करून पायरीला जोडलं, फक्त बेडसोअरला "अ‍ॅडमिट होतानाच होतं का" हा प्रश्न आधी, नाहीतर घरून आलेले सगळे बेडसोअर आपल्या नावावर लागतात.

रिस्क मॅट्रिक्सवर मात्र माझं आणि व्हेंडरचं खरं जुंपलं. त्यांचं ५ बाय ५ चं कोष्टक, शक्यता गुणिले परिणाम. आता क्वचित होणारा मृत्यू म्हणजे १ गुणिले ५, पाच. आणि रोज होणारा बारीकसा त्रास, ५ गुणिले १, तो पण पाच. दोघांचा रंग एकच. जेवण उशिरा आलं आणि भूल देताना ऑक्सिजनची नळी चुकीची जोडली, दोन्ही एका रंगात बघायची माझी तयारी नव्हती. माजी सैनिकांच्या त्या सॅक कोष्टकात गुणाकार नाहीच, प्रत्येक घराला आकडा ठरवून दिलाय आणि सगळ्यात वरच्या ओळीत, म्हणजे मृत्यू किंवा तेवढाच परिणाम असेल तर, शक्यता कितीही कमी असो उत्तर ३ च येतं. मी तेच मागितलं, गुणाकार बंद, प्रत्येक घर आम्ही हाताने भरणार. त्यांच्या अ‍ॅडमिन स्क्रीनवर ती सोय होती पण एका चेकबॉक्सच्या मागे लपलेली. आणि हे कोष्टक रिपोर्ट करणाऱ्याला दिसतच नाही, शक्यता हा त्याचा प्रश्न नाही, ती जुन्या नोंदी बघून ठरवायची गोष्ट आहे.

परवानग्यांचं थोडक्यात सांगते पण ते महत्त्वाचं आहे. तयार रोलमध्ये विभागप्रमुखाला सिव्हिरिटी बदलता येत होती. ज्याच्या विभागातली घटना त्यानेच पायरी खाली आणायची, असं ठेवून चालत नाही, माणूस चांगला असला तरी त्याच्यावर दडपण येतंच. आता विभागप्रमुख "माझ्या मते पायरी अशी असावी" असं कारणासकट लिहू शकतात, बदल कमिटी करते. मेट्रन मॅडमनी ह्यात मला खूप साथ दिली, त्यांनी एचआरकडून लेखी घेतलं की इन्सिडंटची पायरी अप्रेझलमध्ये येणार नाही, त्याशिवाय मी माझ्या मुलींना हे भरायला सांगणार नाही म्हणाल्या. मेसेजमध्ये रिपोर्ट करणाऱ्याचं आणि पेशंटचं नाव जात नाही, फक्त केस नंबर आणि जागा. आणि सुरुवातीला मधल्या पायरीचे मेल सगळ्या विभागप्रमुखांना जात होते ते बंद केले, दिवसभर मेल यायला लागले की लोक बघायचं सोडून देतात आणि मग खरा लाल मेल पण त्यातच बुडतो.

जुना डेटा. मॅनेजमेंटला मागच्या वर्षांपासून सलग ग्राफ हवा होता, म्हणजे लो म्हणजे किरकोळ, मीडियम म्हणजे मध्यम असं जोडून टाका. मी नाही म्हटलं. त्या चौघांच्या उत्तरांवरून दिसलंच होतं की जुन्या टिकमागे तीन वेगळे अर्थ आहेत, ते एकाला एक जोडले तर ग्राफ छान दिसेल पण खोटा असेल. जुन्या नोंदी "जुनी पद्धत" ह्या वेगळ्या मूल्याखाली आत घेतल्या, ते मूल्य नवीन फॉर्ममध्ये बंद, ग्राफवर सुरुवातीच्या तारखेला उभी रेघ. मृत्यूच्या आणि सेंटिनलच्या जुन्या केसेस तेवढ्या एकेक वाचून नव्याने बसवल्या. अजून एक, त्यांचे रिपोर्ट पायरीच्या नावावरून मोजत होते, कोडवरून नाही, त्यामुळे उद्या वाक्यात एक शब्द बदलला तरी आकडे तुटले असते. ते कोडवर आणून घेतलं.

टेस्टिंगला मी आयटीवाल्यांना नाही, वॉर्डवाल्यांना बसवलं. नाइट ड्युटीच्या सिस्टर, दोन मावशी, एक लिफ्टचे मामा, त्यांच्याच मोबाइलवर. फॉर्म मराठीत आहे, इंग्रजी पण आहे, ज्याला जे हवं ते. मावशींनी पहिल्याच झटक्यात सांगितलं की "पेशंटपर्यंत पोचली का" हे पडलेल्या पेशंटला कसं लावायचं, तो तर पडलाच. बरोबर होतं त्यांचं. मग प्रकार आधी विचारायचा आणि त्याप्रमाणे प्रश्न बदलायचा असं केलं, फॉलला तो प्रश्नच येत नाही. मराठीतला फॉर्म पीडीएफ काढला की जोडाक्षरं तुटत होती, ते फॉन्ट बदलून सुधारलं.

चालू झाल्यावर नोंदी वाढल्या, विशेषतः निअर मिस, आणि अपेक्षेप्रमाणे वरून विचारणा आली की आपलं हॉस्पिटल बिघडलंय का. मी नोंदी उघडून दाखवल्या. प्रत्यक्ष गंभीर इजेच्या केसेस वाढलेल्या नव्हत्या, वाढलं होतं ते "होऊ शकलं असतं" ह्या बाजूचं, जे आधी पण होतच होतं आणि दिसत नव्हतं. त्यातूनच फार्मसीने पोटॅशियम क्लोराईडच्या अँप्युल जनरल वॉर्डातून उचलल्या आणि एकसारख्या दिसणाऱ्या औषधांचे रॅक वेगळे केले, कुणाला काही व्हायच्या आधी.

सध्या लेबर रूमच्या एका केसवर आमचं अडलंय. दोन बाळांच्या हातातल्या पट्ट्यांची अदलाबदल झाली, एका आईने दुसरीच्या बाळाला पाजलं, थोड्याच वेळात लक्षात आलं, दोन्ही बाळं ठणठणीत. आमच्या प्रश्नांप्रमाणे जादा काय करावं लागलं तर दोन-चार तपासण्या, म्हणजे खालची पायरी. पण त्या दोन्ही आया नंतर बाळ नजरेआड करायला तयार नव्हत्या, एकीला झोपच लागेना, आणि हे ज्याने बघितलंय तो त्याला काहीच झालं नाही असं म्हणू शकत नाही. इंग्लंडच्या नव्या नोंदणी पद्धतीत शारीरिक इजा आणि मानसिक इजा वेगवेगळी विचारतात. आम्ही तसं फील्ड टेस्ट सर्व्हरवर बनवलंय, स्त्रीरोगवाल्या मॅडम आणि आमच्या समुपदेशक मिळून प्रश्न लिहितायत, वाक्यं अशी हवीत की सिस्टरला निदान करावं लागणार नाही, पेशंट काय बोलली, झोपली का, जेवली का, एवढंच सांगावं लागेल. पुढच्या कमिटीत ते ठेवणार आहे.